दुर्बिणीच्या खोक्यावरचे ‘पट’ आणि आतला आरसा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्रहणाची किंवा धूमकेतूची बातमी आली की घराघरांत दुर्बीण घ्यायचा विषय निघतो. शोधाशोध सुरू झाली की सगळ्यात आधी डोळ्यांत भरतो तो खोक्यावरचा ‘५२५ पट’ हा आकडा. तो कसा तयार होतो ते पाहा. आरसा ७६ मिलिमीटरचा, त्याचे नाभीय अंतर (आरशापासून प्रकाश एकवटतो त्या बिंदूपर्यंतचे अंतर) ७०० मिलिमीटर, सोबत ४ मिलिमीटरचा आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगाची छोटी नळी, आणि तिप्पट करणारे बार्लो भिंग. ७०० भागिले ४ म्हणजे १७५, त्याच्या तिप्पट ५२५. गणित चोख आहे, पण दुर्बिणीला ते झेपत नाही. आरशाच्या व्यासाच्या दर मिलिमीटरमागे दोन पट ही वर्धनाची वरची मर्यादा धरतात. म्हणजे ७६ मिलिमीटरला दीडशेच्या आसपास. त्यापुढे नवीन काही दिसत नाही, दिसत होते तेच पसरट आणि अंधूक होते. ५२५ पटीने गुरू पाहिला तर त्याला धड कडाही नसते. मूल दोन रात्री डोळा लावून बघते आणि तिसऱ्या दिवशी दुर्बीण माळ्यावर जाते.

म्हणून आपल्याला एक विनंती आहे. आपल्या दैनिकात दुर्बिणींविषयी मजकूर येईल तेव्हा ‘किती पट’ हे छापू नये. आरशाचा व्यास आणि नाभीय अंतर छापावे. पट आयपीस बदलला की बदलतात, आरसा बदलत नाही. मध्यम आकाराची, म्हणजे १५० ते २०० मिलिमीटर आरशाची परावर्ती दुर्बीण घेऊ पाहणाऱ्या वाचकांसाठी काही नेमक्या गोष्टीही इथे देत आहोत. या आकाराच्या दुर्बिणी माळ्यावर जातात त्या बहुतेक वेळा वाईट असतात म्हणून नव्हे. त्या वापरायच्या कशा, हे कुणी सांगितलेलेच नसते.

अंधाराला सरावलेल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. २०० मिलिमीटरचा आरसा तिच्या सुमारे ८०० पट प्रकाश गोळा करतो, आणि १५० मिलिमीटरच्या आरशाच्या पावणेदोन पट. तपशिलाचेही तसेच. १५० मिलिमीटरमधून पाऊण विकलेइतक्या (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) जवळचे जोडतारे वेगळे होऊ शकतात, २०० मधून त्याहून जवळचे. हे आकडे किरकोळ वाटले तर विल्यम हर्शेल आठवावा. १३ मार्च १७८१ रोजी त्याने युरेनस शोधला तो स्वतः घासलेल्या, सुमारे १५७ मिलिमीटरच्या आरशाने. तो आरसा तांबे आणि कथलाच्या मिश्रधातूचा होता आणि आजच्या ॲल्युमिनियमचा लेप दिलेल्या काचेपेक्षा बराच कमी प्रकाश परत देत होता. आज १५० मिलिमीटरची दुर्बीण घेणाऱ्याच्या हातात हर्शेलच्या तोडीचे साधन असते.

घेताना आधी नळीची लांबी बघावी. साध्या न्यूटनीय दुर्बिणीत, म्हणजे बुडाशी मोठा आरसा आणि तोंडाजवळ छोटा तिरपा आरसा असलेल्या दुर्बिणीत, नळी जवळपास नाभीय अंतराएवढी असते. नळी अर्ध्या मीटरची आणि तिच्यावर नाभीय अंतर १००० मिलिमीटर लिहिलेले असेल, तर आयपीसच्या नळकांड्यात खाली एक जादा भिंग बसवलेले असते. ११४ आणि १२७ मिलिमीटरच्या स्वस्त दुर्बिणींत हा प्रकार फार आहे. गोलीय आरशाचा दोष (सगळे किरण एका बिंदूत न जुळण्याचा) त्या भिंगाने झाकायचा असतो, तो पुरता झाकला जात नाही, आणि आरशांची जुळणी करणेही त्या भिंगामुळे कटकटीचे होते. अशी दुर्बीण घेऊ नये, एवढेच स्पष्ट सांगतो.

चांगल्या पर्यायांत १५० मिलिमीटर एफ ८ (म्हणजे नाभीय अंतर व्यासाच्या आठपट) आणि २०० मिलिमीटर एफ ६ हे दोन आकार सगळ्यात रुळलेले. दोन्हींचे नाभीय अंतर १२०० मिलिमीटर. म्हणजे नळी दोन्हींची सव्वा मीटरच्या आसपास, फरक पडतो तो जाडीत आणि वजनात. २०० ची दुर्बीण बैठकीसह वीस-पंचवीस किलोपर्यंत जाते. जिना चढवून रोज गच्चीवर न्यायची असेल तर हे वजन आधी खांद्यावर तोलून बघावे, कारण जी दुर्बीण उचलायचा कंटाळा येतो ती वापरली जात नाही. १५० एफ ८ हलकी आहे आणि तिची आरशांची जुळणी थोडी चुकली तरी ती सांभाळून घेते. १५० एफ ५, म्हणजे ७५० मिलिमीटरची आखूड नळी, गाडीत सहज मावते. पण तिच्यात दृश्याच्या कडेचे तारे शेपटी फुटल्यासारखे दिसतात आणि जुळणी दर वेळी तपासावी लागते. तिचा आरसा पॅराबोलिक म्हणजे परवलयी आहे याची खात्री करून घ्यावी, या आकाराला गोलीय आरसा चालत नाही.

आरशाइतकेच महत्त्व बैठकीला. नवख्या माणसाने डॉबसोनियन बैठक घ्यावी, असे आमचे ठाम मत आहे. जॉन डॉबसन यांनी रस्त्यावरच्या येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवता यावे म्हणून ही साधी लाकडी पेटी रूढ केली. खाली गोल फिरणारी पाटी, वर नळीचे दोन कान, आणि मध्ये टेफ्लॉनचे तुकडे. हाताने ढकलली की सरकते, सोडली की थांबते. त्याच आरशाची दुर्बीण विषुववृत्तीय तिवईवर घेतली तर वजनकाटे, दोन तिरपे अक्ष आणि ध्रुवाकडे रोख धरणे हे सगळे पहिल्याच रात्री गळ्यात पडते. वर आयपीस कधी नळीच्या खाली, कधी पलीकडे जातो. स्वस्तातल्या तिवया तर २०० मिलिमीटरच्या नळीखाली इतक्या थरथरतात की फोकस फिरवताच दृश्य नाचू लागते. डॉबसोनियनमध्ये बिघडण्यासारखे दोनच. मधला बोल्ट जास्त आवळला की ती आडवी फिरताना अडखळते आणि मग झटक्याने पुढे जाते. बोल्ट सैल करावा, पेटी सहज फिरेल पण लटपटणार नाही इतपत. दुसरे, जड आयपीस लावला की नळी पुढून झुकते. नळी लोखंडी पत्र्याची असेल तर तिच्या मागच्या टोकाला एखादे लोहचुंबक चिकटवले की तोल येतो.

सोबत बहुधा २५ आणि १० मिलिमीटरचे आयपीस मिळतात. १२०० ला भागले की ४८ पट आणि १२० पट. सुरुवातीचे काही महिने एवढे पुरतात. पुढे घ्यायचाच तर ३० किंवा ३२ मिलिमीटरचा एक, म्हणजे मोठे तारकागुच्छ एका नजरेत मावतील, आणि ग्रहांसाठी ६ मिलिमीटरचा एक, म्हणजे २०० पट. त्यापुढे जाण्याइतके स्थिर वातावरण क्वचितच मिळते. ४ मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या आयपीसात पापणी टेकते आणि दिसत काही नाही.

दुर्बीण घरी आली की पहिले काम दिवसाउजेडी करावे. फाइंडर म्हणजे नळीवरची छोटी शोधक दुर्बीण मोठ्या दुर्बिणीशी जुळवायची असते. २५ मिलिमीटरचा आयपीस लावून अर्धा-एक किलोमीटर लांबच्या खांबाचे टोक मध्यावर आणावे, मग फाइंडरचे स्क्रू फिरवून तेच टोक त्याच्या फुलीवर आणावे. जवळची वस्तू चालत नाही, कारण दोन नळ्यांमधले अंतर तिथे आड येते. सूर्य ज्या बाजूला असेल त्या बाजूला तोंड करू नये. हे दिवसा केले नाही तर रात्री चंद्र सोडून काहीही सापडत नाही, आणि दोष दुर्बिणीच्या माथी जातो. या वेळी चित्र उलटे दिसेल. न्यूटनीय दुर्बिणीत ते उलटेच दिसते, आकाशात त्याने काही बिघडत नाही.

आता आरशांची जुळणी, ज्याला कॉलिमेशन म्हणतात. लोक याला घाबरतात आणि वर्षानुवर्षे हात लावत नाहीत. पण गाडीतून हादरे खात आलेली दुर्बीण जुळलेली असेलच असे नाही, आणि जुळणी गेलेल्या २०० मिलिमीटरपेक्षा जुळलेली १५० चांगले दाखवते. साधन म्हणून आयपीसच्या जागी बसणारे, बरोबर मध्ये दीड-दोन मिलिमीटरचे छिद्र असलेले झाकण पुरते. चेशायर नावाचा फुलीचा आयपीस मिळाला तर उत्तम. लेझर घ्यायचा असेल तर तो स्वतः सरळ आहे का ते तपासावे: फोकसरमध्ये (आयपीस बसतो त्या पुढे-मागे सरकणाऱ्या नळकांड्यात) बसवून जागच्या जागी फिरवावा, मोठ्या आरशावरचा लाल ठिपका गोल फिरू लागला तर लेझरच वाकडा आहे.

नळी आडवी ठेवावी. उभी कधीच नाही, कारण हातातली किल्ली निसटली तर थेट आरशावर पडते. छिद्रातून बघितले की आधी छोटा तिरपा आरसा दिसतो. तो फोकसरच्या नळकांड्यात मधोमध आणि गोल दिसतो का ते बघावे. त्याच्या मागच्या बाजूला, नळीच्या आत, पांढरा कागद धरला की कडा स्पष्ट होते. हे बहुधा कारखान्यातून ठीक आलेले असते, ठीक असेल तर हात लावू नये. मग त्या छोट्या आरशात मोठ्या आरशाचे प्रतिबिंब बघावे. मोठा आरसा धरून ठेवणाऱ्या तिन्ही कड्या सारख्या दिसायला हव्यात. एखादी लपली असेल तर छोट्या आरशामागचे तीन बारीक स्क्रू, एक किंचित सैल आणि उरलेले किंचित घट्ट, असे फिरवावेत. अर्धा फेराही खूप होतो, एक अष्टमांश फेऱ्याने सुरुवात करावी. तिन्ही कड्या आल्या की शेवटचा टप्पा मोठ्या आरशाचा. त्याच्या मध्यावर एक बारीक कडे चिकटवलेले असते, आणि त्याच्याजवळ कुठेतरी आपल्याच झाकणातल्या छिद्राचा ठिपका दिसतो. नळीच्या बुडाशी तीन स्प्रिंगचे स्क्रू आणि तीन कुलुपाचे स्क्रू असतात. कुलुपाचे सैल करावेत, स्प्रिंगचे फिरवून तो ठिपका कड्याच्या मध्यात आणावा. एकाने बघत राहावे आणि दुसऱ्याने फिरवावे, म्हणजे दर वेळी उठून वाकावे लागत नाही. कुलुपाचे स्क्रू परत आवळताना ठिपका पुन्हा सरकतो, म्हणून बघत-बघतच आणि हलक्या हाताने आवळावेत.

आखूड नळीच्या दुर्बिणीत छोट्या आरशाची काळी सावली मध्यापासून थोडी मोठ्या आरशाच्या दिशेने सरकलेली दिसते. ती तशीच असायला हवी. ती ‘सुधारायला’ जाऊन पुष्कळ जण नीट जुळलेली दुर्बीण बिघडवून ठेवतात.

खरी परीक्षा ताऱ्यावर. ध्रुवतारा जागचा हलत नाही म्हणून सोयीचा. दीडशे-दोनशे पटीने तो मध्यावर घेऊन फोकस जरासा बिघडवावा. ठिपक्याभोवती एकात एक वर्तुळे दिसतात. ती समकेंद्री असली की काम झाले, एका बाजूला चेपलेली असली की मागच्या स्क्रूंकडे परत जावे.

या परीक्षेआधी दुर्बीण थंड झालेली हवी, आणि हीच गोष्ट जाहिरातीत कुठे लिहिलेली नसते. घरातला उबदार आरसा बाहेरच्या थंड हवेत आला की त्याच्यावरून गरम हवेचे झोत नळीतून वर येत राहतात. गुरू वाहत्या पाण्याच्या तळाशी ठेवल्यासारखा दिसतो. २०० मिलिमीटरच्या आरशाला साधारण तास लागतो, तापमानातला फरक मोठा असेल तर जास्तही. सूर्य मावळताच दुर्बीण बाहेर काढून ठेवावी. खिडकीतून बघायचा मोह टाळावा, काच बंद असो वा उघडी. दिवसभर तापलेली सिमेंटची गच्चीही रात्री बराच वेळ उष्णता सोडत असते, त्यामुळे गवत किंवा माती मिळाली तर तिथे बैठक मांडावी. आणि ग्रह क्षितिजापासून ३० अंश वर आल्याशिवाय त्याच्यावर मत बनवू नये.

पहिल्या रात्रीच्या तक्रारी ठरलेल्या असतात. ‘सगळे अंधूक दिसते’: नळीच्या तोंडावरच्या मोठ्या झाकणात एक छोटे झाकण असते, तेवढेच उघडलेले असते. मोठे झाकण पूर्ण काढावे लागते. छोटे आहे ते चंद्राचा किंवा तशाच झगझगीत गोष्टीचा प्रकाश कमी करायला. ‘मध्ये काळे वर्तुळ आणि चार दांड्यांची सावली दिसते’: दुर्बिणीत दोष नाही, फोकस लांब आहे. ती तबकडी लहान होत जाईल त्या दिशेने फोकस फिरवत राहावे, ताऱ्याचा ठिपका झाला की सावली नाहीशी होते. ‘फोकस शेवटपर्यंत फिरवला तरी येत नाही’: मोठ्या फोकसरसोबत दोन मापांच्या आयपीससाठी दोन जोडकड्या येतात, त्या एकावर एक बसवल्या गेल्या असतील. एका वेळी एकच लावायची असते. तरी जमले नाही तर आयपीसचा स्क्रू सैल करून तो हाताने हळूहळू बाहेर ओढून बघावा. चित्र सुधारत गेले तर मध्ये एक वाढीव नळी हवी आहे, एवढे कळते. ‘ग्रह पळून जातो’: पळते ती पृथ्वी. २०० पटीला साध्या आयपीसात ग्रह मिनिटभरात या कडेपासून त्या कडेला जातो. नेहमी २५ मिलिमीटरच्या आयपीसाने शोधावे, मध्यावर आणावे, मगच पट वाढवावे.

पाहायला सुरुवात चंद्रापासून करावी, पण पौर्णिमेला नव्हे. पौर्णिमेच्या चंद्रावर सावल्याच नसतात, सगळे सपाट आणि भगभगीत दिसते. शुद्ध अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा उठून दिसतात, आणि तासाभरात एखाद्या शिखरावर ऊन पोचताना बघता येते. गुरूचे चार उपग्रह ४८ पटीलाच दिसतात आणि एका रात्रीतही त्यांच्या जागा बदललेल्या कळतात. पट्टे बघायला १२० पट लावावे आणि दहा-पंधरा मिनिटे डोळा तिथेच ठेवावा. हवा क्षणभर थांबते, तेवढ्या क्षणात पट्ट्याची खडबडीत कड दिसून जाते. सवयीचा डोळा ज्याला म्हणतात तो याच क्षणांवर तयार होतो. शनीची कडी मार्च २०२५ मध्ये पृथ्वीवरून कडेने दिसली, तेव्हापासून ती हळूहळू उघडत चालली आहेत.

मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ, एम ४२ (‘एम’ म्हणजे मेसिएच्या यादीतला क्रमांक), हा पहिल्या हिवाळ्यातला सगळ्यात मोठा आनंद. त्याच्या पोटातले चार तारे ४८ पटीला वेगळे होतात. मात्र छायाचित्रातला गुलाबी रंग दिसत नाही. इतक्या मंद प्रकाशात डोळ्याला रंग कळत नाहीत, म्हणून तो राखाडी, फार तर हिरवट दिसतो. हे आधीच सांगून ठेवलेले बरे, नाहीतर नेमके इथेच मन खट्टू होते. कृत्तिका आणि देवयानीतली दीर्घिका एम ३१ मोठ्या आहेत, त्यांना कमीत कमी पट लावावे. एम १३ हा शौरीतला बंद तारकागुच्छ मात्र १२० पटीला चुरा पसरल्यासारखा सुटा होऊ लागतो. मंद गोष्टीकडे थेट न बघता थोडे बाजूला बघावे, डोळ्याच्या कडेचा भाग अंधारात जास्त तीक्ष्ण असतो. आणि मोबाइल खिशात ठेवावा. डोळा अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि पांढऱ्या पडद्याकडे एकदा बघितले की ती वाया जातात. नकाशा वाचायला मंद लाल दिवा वापरावा.

सूर्याबद्दल एकच सांगणे, पण ते कळकळीचे. दुर्बिणीतून सूर्य एक क्षणही दिसला तर डोळा कायमचा जातो. आयपीसवर बसणारे ‘सूर्य फिल्टर’ कुठल्याही दुर्बिणीसोबत आले तर फोडून टाकावेत. ते नाभीजवळ तापतात आणि डोळा लावलेला असतानाच तडकू शकतात. सूर्य बघायचाच असेल तर दुर्बिणीच्या तोंडावर, पूर्ण व्यास झाकणारी, खास सूर्यासाठी बनवलेली फिल्म हवी, वाऱ्याने उडणार नाही अशी घट्ट बसवलेली, आणि लावण्याआधी दर वेळी उजेडासमोर धरून तिला टाचणीएवढे छिद्र पडलेले नाही ना ते तपासलेले. फाइंडर काढून ठेवावा. दिवसा दुर्बीण आणि मूल एकत्र सोडून जाऊ नये.

शेवटी आरसा धुण्याबद्दल, कारण सर्वाधिक आरसे धुळीने नव्हे, पुसण्याने खराब होतात. बॅटरीच्या प्रकाशात कुठलाही आरसा भयंकर घाण दिसतो. थोड्या धुळीने दृश्यात फरक पडत नाही. लेप मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो, त्यावर कोरडे कापड फिरवले की धुळीचा कण खडूसारखा रेघ ओढतो. दवाने ओला झालेला आरसा झाकण लावून कोंडू नये, घरात आणून नळी आडवी, उघडी ठेवून वाळू द्यावी, नाहीतर बुरशी धरते. दोन-चार वर्षांनी खरेच धुवायची वेळ आली तर आरसा तो बसवलेल्या चौकटीसकट काढताना नळीवर आणि चौकटीवर एकमेकांसमोर खूण करावी. आधी नुसत्या वाहत्या कोमट पाण्याखाली धूळ जाऊ द्यावी. मग पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचे दोन थेंब टाकून, कापसाचा बोळा स्वतःच्या वजनाने एकाच दिशेने सरकवावा, बोटाने दाबू नये, आणि प्रत्येक ओढीनंतर बोळा टाकून नवा घ्यावा. शेवटचे पाणी ऊर्ध्वपातित हवे, नाहीतर क्षारांचे डाग राहतात. आरसा कडेवर तिरपा उभा करून वाळवावा, खुणा जुळवून परत बसवावा, आणि त्या रात्री बाहेर पडण्याआधी जुळणी पुन्हा पहिल्यापासून करावी.

आपले,
काही हौशी आकाशनिरीक्षक